चकाकी आणि टिकाऊपणा : बोटीवरील धातूंची निगा

पावसाळा सुरू झाला की अर्नाळ्यापासून उत्तनपर्यंतच्या किनाऱ्यावर बोटी शाकारल्या जातात. जून आणि जुलै हे बंदीचे महिने कोळी बांधवांसाठी विश्रांतीचे नसून दुरुस्तीचे असतात. जाळी शिवली जातात, लाकडाच्या फटी बुजविल्या जातात, इंजिन खोलले जाते, रंगाचे डबे आणले जातात. धातूच्या भागांकडे मात्र बहुधा अगदी शेवटच्या आठवड्यात लक्ष जाते. मग घाईघाईने तारेचा ब्रश फिरवला जातो, कोणी ॲसिडची बाटली आणतो, कोणी गंजावरच रंगाचा हात मारतो. बोट चकचकीत दिसू लागते आणि मालकाला समाधान वाटते. हे समाधान कितपत खरे असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका बंदरावर एक बोट पाहिली होती. तिचे स्टीलचे कठडे आरशासारखे घासलेले होते, पितळी कड्या सोन्यासारख्या चमकत होत्या. पंख्याचा शाफ्टही बाहेरून स्वच्छ दिसत होता. परंतु एका वयस्क कारागिराने आग्रह धरला म्हणून शाफ्ट बाहेर काढला गेला, तेव्हा रबरी बेअरिंगच्या आत झाकलेल्या भागावर खोल खड्डे पडलेले आढळले. तो शाफ्ट भर समुद्रात तुटला असता तर बोट लाटांच्या स्वाधीन झाली असती. जेथे हात पोहोचत होता तेथे चकाकी होती, आणि धोका जेथे होता तेथे कोणाचीच नजर गेली नव्हती. या विषयाचे सार त्या एका प्रसंगात आहे.

समुद्रात धातू का झिजतो?

समुद्राच्या एक लीटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. असे खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते. दोन भिन्न धातू एकमेकांना जोडलेले असतील आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडालेले असतील, तर तेथे आपोआप एक लहानशी बॅटरी तयार होते. त्या दोघांपैकी दुबळा धातू झिजतो आणि सबळ धातू सुरक्षित राहतो. जस्त सर्वांत दुबळे, त्यानंतर ॲल्युमिनियम, मग लोखंड, मग पितळ व कांसे, आणि शेवटी स्टेनलेस स्टील, असा सर्वसाधारण क्रम आहे.

हा धडा जगाला फार महाग पडला. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून व शिंपल्यांपासून संरक्षण व्हावे, हा हेतू होता. दोन वर्षांनी तपासणी केली तेव्हा तांबे उत्तम स्थितीत होते, मात्र ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी गळून गेले होते. ज्या खिळ्यांखाली पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून राहिला होता, तेवढेच शाबूत होते, कारण कागदामुळे दोन धातूंचा स्पर्श टळला होता. पुढे १८२४ साली हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडून तांबे झिजण्यापासून वाचविता येते, हे सिद्ध केले. गंमत अशी की, झिजणे थांबलेल्या त्या तांब्यावर शेवाळ व शिंपले वाढू लागले, कारण तांब्याचा विषारी अंश पाण्यात उतरणेच बंद झाले होते. तरीही डेव्हीची युक्ती वाया गेली नाही. आज आपल्या बोटींना लावली जाणारी जस्ताची वडी, जिला बंदरावर नुसते 'झिंक' म्हणतात, ती याच शोधाची देणगी आहे.

प्रथम धातू ओळखावा

प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा असल्यामुळे एकच औषध सर्वांना चालत नाही. नाताळपूर्वी वेदीवरील पितळी मेणबत्तीदाण्या ज्या चूर्णाने आपण लखलखीत करतो, तेच चूर्ण बोटीवरच्या प्रत्येक वस्तूला लावणे योग्य ठरत नाही.

स्टेनलेस स्टील : याचा शोध १९१३ साली शेफिल्ड येथील हॅरी ब्रिअर्ली यांच्या नावे सांगितला जातो. त्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर तयार होतो आणि तोच स्टीलचे रक्षण करतो. हा थर टिकण्यासाठी हवेतील किंवा पाण्यातील प्राणवायू लागतो. म्हणूनच रबराखाली, शिंपल्यांखाली, वॉशरच्या फटीत, जेथे पाणी साचून राहते आणि प्राणवायू पोहोचत नाही, तेथे स्टेनलेस स्टीलला गुपचूप खड्डे पडतात. आम्ही पाहिलेल्या शाफ्टचे हेच झाले होते. बाजारात ३०४ व ३१६ अशा दोन जाती प्रामुख्याने मिळतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती समुद्रात अधिक टिकते. या दोन जातींमधील फरक लोहचुंबकाने कळत नाही, त्यामुळे खरेदी करताना पक्के बिल व जातीचा स्पष्ट उल्लेख मागून घ्यावा.

पितळ आणि कांसे : पितळ म्हणजे तांबे व जस्त, तर कांसे म्हणजे तांबे व कथील. साधे पितळ समुद्रात राहिले तर त्यातील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे गुलाबी रंगाचे, स्पंजासारखे सच्छिद्र तांबे उरते. आकार जसाच्या तसा राहतो, पण ताकद संपलेली असते. बाजारात 'मँगनीज ब्राँझ' म्हणून ओळखला जाणारा पंख्याचा धातूदेखील खरे तर जस्ताचे मोठे प्रमाण असलेले पितळच आहे. म्हणून पंखा किंवा व्हॉल्व्ह घासताना कानशीने एक बारीक ओरखडा काढून पाहावा. आत पिवळी झळाळी दिसली तर ठीक. गुलाबी रंग दिसला तर पॉलिशचा खर्च थांबवून तो भाग बदलावा.

ॲल्युमिनियम : याचा करडा, निस्तेज थर हेच त्याचे चिलखत असते. तीव्र ॲसिड आणि कॉस्टिक सोडा, दोन्ही त्याला खातात. शिंपले रोखणारा तांबेयुक्त रंग ॲल्युमिनियमवर कधीही लावू नये. त्याने अल्पावधीत भोके पडू शकतात.

जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड : नांगर, साखळ्या आणि ट्रेलरचे सांगाडे बहुधा अशा लोखंडाचे असतात. वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला हा मुलामा साधारण केसाएवढ्या जाडीचा असतो. तो घासून चमकविणे म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेले संरक्षण स्वतःच्या हाताने काढून टाकणे होय.

पॉलिश करण्याची योग्य रीत

पहिली पायरी गोड्या पाण्याची. क्षार धुऊन न काढता घासले तर तेच क्षार धातूत अधिक रुजतात. त्यानंतर साबणाच्या पाण्याने तेल व ग्रीस काढून भाग पूर्ण कोरडा करावा.

दुसरी पायरी तपासणीची. शिंपले खरवडून काढावेत, बेअरिंग सोडवून शाफ्ट बाहेर घ्यावा आणि खड्डे, भेगा, रंगातील बदल बारकाईने पाहावेत. बारीक भेगेची शंका असल्यास कार्यशाळेत एक सोपी चाचणी करता येते. लाल रंगाचा पातळ द्रव लावून काही वेळाने पुसतात आणि त्यावर पांढरा फवारा मारतात. भेग असेल तर ती लाल रेषेच्या रूपाने उमटते. ही तपासणी पॉलिशच्या आधीच करावी, कारण घासताना धातू पसरून भेगेचे तोंड बुजू शकते.

तिसरी पायरी घासण्याची. डाग हलका असेल तर मऊ कापड व पॉलिशची पेस्ट पुरते. खरबरीतपणा अधिक असेल तरच पॉलिश पेपर घ्यावा : प्रथम २२० किंवा ४०० नंबरचा, मग ६००, मग १००० आणि शेवटी २००० नंबरचा. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे नाहीसे झाले की नाही ते कळते. मधली पायरी गाळली तर खोल ओरखडे शेवटपर्यंत राहतात. त्यानंतर कापडी बफवर पॉलिशची वडी लावून झळाळी आणावी. पंख्याची पाती घासताना मात्र सर्व पात्यांवर सारखेच काम करावे. एकाच पात्याचा धातू जास्त उतरला तर तोल जातो, कंपने वाढतात आणि बेअरिंग खराब होते. पाती गुळगुळीत असतील तर डिझेलचीही बचत होते.

स्टेनलेस स्टीलवर लोखंडी तारेचा ब्रश किंवा लोखंडी काथ्या वापरू नये. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि काही दिवसांतच तपकिरी ठिपके उमटतात. नायलॉनचा किंवा स्टेनलेस स्टीलचाच ब्रश घ्यावा. शौचालय धुण्याचे ॲसिड व कपड्यांचे ब्लीच यांतील क्लोरीनचा अंश स्टीलचा संरक्षक थर फोडतो, म्हणून तीही टाळावीत. त्याऐवजी लिंबूफूल म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड एक लीटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून वीस मिनिटे लावून ठेवावे आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. रुतलेले लोखंडाचे कण त्याने विरघळतात. पितळेसाठी आपल्या आजीबाईंची चिंच आजही उपयोगी आहे, मात्र नंतर धुणे व कोरडे करणे विसरू नये. अखेरीस मेणाचा एक पातळ हात दिल्यास चकाकी अधिक काळ टिकते.

झिंकची वडी

झिंकने झिजावे यासाठीच ते लावलेले असते. म्हणून ते न झिजता तसेच राहिले तर आनंद न मानता तारेची व बोल्टची जोडणी तपासावी. झिंकवर रंग कधीही लावू नये. रंगामुळे त्याचे काम थांबते. ते जेथे बसते ती जागा घासून स्वच्छ धातू उघडा करावा, आणि वडी अर्धी झिजली की बदलावी. लाकडी बोटीच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गरजेपेक्षा फार अधिक झिंक लावले तर संरक्षित धातूभोवती अल्कली तयार होते आणि तिच्यामुळे आसपासचे लाकूड मऊ होऊन त्याचे तंतू सुटतात. संरक्षणाचाही अतिरेक घातक ठरतो.

ट्रेलरविषयी थोडेसे

आखाती देशांत, ऑस्ट्रेलियात किंवा कॅनडात वास्तव्य करणारे आपले काही बांधव हौसेने लहान बोट ट्रेलरवरून नेतात. त्यांच्यासाठी तीन सूचना पुरेशा आहेत. पहिली, लांबच्या प्रवासानंतर चाकांचे बेअरिंग तापलेले असताना ट्रेलर लगेच पाण्यात उतरवू नये. थंड पाण्याने आतील हवा आकुंचन पावते आणि खारे पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. दुसरी, प्रत्येक वेळी पोकळ सांगाड्याच्या आतूनही गोडे पाणी सोडावे. तिसरी, मुलाम्याचा करडा रंग जपावा. लाल गंज दिसलेली जागा तेवढी घासून तेथे जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत.

काम करणाऱ्याची सुरक्षितता

बोटीपेक्षा माणूस मोलाचा आहे. बफिंग करताना डोळ्यांवर चष्मा व नाकावर मास्क असावा. फिरत्या चाकाजवळ सैल कपडे, गळ्यातील साखळी किंवा सुती हातमोजे नकोत. ते अडकून हात खेचला जातो. तळाचा तांबेयुक्त जुना रंग कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेऊ शकते, त्यामुळे तेथे वेल्डिंग करू नये. ॲल्युमिनियम उजळविण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते त्वचेतून थेट हाडापर्यंत पोहोचते व सुरुवातीला वेदनाही होत नाहीत. असे द्रव घरी किंवा बंदरावर आणूच नयेत. ॲसिड पातळ करताना नेहमी पाण्यात ॲसिड घालावे, ॲसिडमध्ये पाणी ओतू नये.

बोट हे आपल्या किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांचे एकमेव भांडवल आहे. शाफ्टची, झिंकची व व्हॉल्व्हची तपासणी जूनमध्येच केली तर बदलायचा भाग आणण्यास वेळ मिळतो. जुलैच्या अखेरीस केली तर दोष दिसूनही 'या मोसमापुरते चालवून घेऊ' असे म्हणण्याचा मोह होतो. बोटीला आशीर्वाद देऊन, फुलांच्या माळा घालून आपण तिला समुद्रात लोटतो तेव्हा तिच्यावर आपले पिता, पती आणि पुत्र असतात. त्यांना सुखरूप घरी आणणारा भाग बहुतेक वेळा पाण्याखाली असतो आणि तो कोणाला दिसत नाही. यंदा पॉलिशचे कापड हाती घेण्यापूर्वी त्या भागाची विचारपूस करावी, एवढीच आमची सर्व बोटमालकांना कळकळीची विनंती आहे.