शिडावरचा संसार, सातपाटीच्या हिशेबाने

नवरा-बायकोने शिडाची नौका घ्यावी, घराला कुलूप लावावं आणि बेटामागून बेट करत हिंडावं, असा संसार जगात बऱ्याच जणांनी केला आहे. एरिक आणि सुझन हिस्कॉक या इंग्रज जोडप्याने १९५२ ते १९५५ या काळात तीस फुटी 'वाँडरर थ्री'मधून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही एरिकची दृष्टी अधू असताना. लिन आणि लॅरी पार्डी यांनी १९६८ साली स्वतः बांधलेली 'सेराफिन' पाण्यात उतरवली. लांबी जेमतेम चोवीस फूट, म्हणजे बोईसरच्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढी. तिला इंजिनच नव्हतं. वारा पडला की दोघं बसून राहायची, आणि बसून राहण्याचा कंटाळा येणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

आता हाच संसार पालघरच्या किनाऱ्यावर, सातपाटी या मच्छीमार गावात मांडून पाहू.

पहिली अडचण नौका ठेवायची कुठे, ही. सातपाटीच्या खाडीत ओहोटीला गेलात तर बोटी चिखलात बसलेल्या दिसतील, कुठली सरळ, कुठली कुशीवर कललेली. खाडी गाळाने भरत चालली, ही इथली जुनी तक्रार. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. उत्तरेला खंभातच्या आखातात तर हा फरक दहा मीटरांच्याही पुढे जातो. आपण या दोहोंच्या मध्ये. तेव्हा बुडाला खोल पातं असलेली देखणी यॉट इथे कामाची नाही. दोन आखूड पाती असलेली घ्यावी, ती चिखलात सरळ बसते आणि चहाचा कप सांडत नाही.

दुसरा प्रश्न बेटांचा. जवळचं वस्तीचं बेट म्हणजे वैतरणेच्या मुखाशी असलेलं अर्नाळा. किल्ल्याच्या भोवती आजही माणसं राहतात आणि त्यांची ये-जा होडीनेच चालते. सातपाटीहून ते सरळ रेषेत साधारण पंधरा सागरी मैल. पाच नॉटच्या चालीने तीन तास. पण पाण्याची ओढ अडीच नॉटने उलट असेल, तर तेच सहा तास होतात आणि तोवर ओढ पुन्हा फिरते. म्हणून आधी तिथी बघायची, मग घड्याळ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याची ओढ कमी. हिवाळ्यात पहाटेचा मतलई वारा नौकेला किनाऱ्यापासून बाहेर नेतो आणि दुपारचा खारा वारा परत आणतो. शिडाच्या दिवसांत सगळी मासेमारी या दोन वाऱ्यांच्या वेळापत्रकावर चालायची. रुंद पोटाचा, टोकदार नाळेचा 'सातपाटी मचवा' हा नौकाप्रकार मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांत गावाच्या नावानेच नोंदला गेला, तो उगाच नव्हे.

रात्रीचा प्रवास मात्र टाळावा. पापलेटसाठी पाण्यात सोडलेली दालद्याची जाळी लांबच लांब पसरलेली असतात आणि डोलीच्या कवी, म्हणजे समुद्राच्या तळात रोवलेले खुंट, नकाशावर सापडत नाहीत. जाळं सुकाणूत अडकलं तर नौकेचं नुकसान होतंच, शिवाय दुसऱ्याचं पोट कापलं जातं. त्या माफीला भाषा पुरत नाही.

याच किनाऱ्यावर समुद्रावर चाललेले संसार पिढ्यान् पिढ्या आहेत, फक्त त्यांची वाटणी वेगळी आहे. नाखवा बर्फ भरून काही दिवसांसाठी समुद्रात जातो. बोट लागली की पापलेट वजन होऊन सोसायटीत जातं. गावात मच्छीमारांच्या दोन जुन्या सहकारी संस्था आहेत. उरलेलं म्हावरं निवडायचं, टोपलीत बर्फाखाली लावायचं, पालघरच्या बाजारात भाव फोडायचा, डिझेलची उधारी लक्षात ठेवायची, हे सगळं बायकोकडे. बोटीवर ती चढत नाही, पण पुढची फेरी निघणार की नाही हे पुष्कळदा तिच्या कनवटीला किती आहे यावर ठरतं. माझ्या मते हिस्कॉक बाईंपेक्षा हिची जबाबदारी काकणभर जास्तच.

गंमत म्हणजे अलीकडच्या एका जोडप्याने नकळत हीच वाटणी केली. मुंबईचा कौस्तुभ खाडे द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंत, सुमारे तीन हजार किलोमीटर, कयाकमधून वल्हवत गेला आणि शांजली शाही किनाऱ्या-किनाऱ्याने सायकलवरून. पालघरचा किनारा वाटेतच. तो पाण्यावर, ती रस्त्यावर, आणि मुक्कामाला दोघं एका ठिकाणी.

एकाच नौकेवर दोघांनीच राहायचं म्हणजे काय, हे पाहायला भारतीय नौदलाची 'तारिणी' आहे. दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. दोघींच्या नौकेवर एक झोपली की दुसरी जागी, म्हणजे चोवीस तास सोबत असूनही निवांत गप्पांना वेळ थोडाच. लग्न होऊन वीस वर्षं झालेल्यांना ही सोय वाटेल.

मराठी जोडप्याने खरंच हे करायचं ठरवलं, तर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी आणि तिच्या पुढे नारळी पौर्णिमेपर्यंतचा खवळलेला समुद्र सोडून द्यावा. नोव्हेंबरात निघावं. हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तरेकडचा, म्हणजे पाठीवर. अर्नाळा, मुरुड, मालवण, गोवा असं उतरत कोचीला पोहोचावं. तिथे बोळगाट्टीला यॉटसाठी मरीना आहे, नळाचं पाणी आणि वीज मिळते. आपल्याकडे वाढवणला ३० ऑगस्ट २०२४ रोजी भूमिपूजन झालेलं सुमारे ७६ हजार कोटींचं बंदर कंटेनर जहाजांसाठी आहे आणि मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. चोवीस फुटी नौकेचा विचार त्या भांडणात कोणाच्याच डोक्यात नाही.

परतीला तोच उत्तरेचा वारा नाकावर येतो आणि नौका नागमोडी हाकत आणावी लागते. हे काम दोघांपैकी ज्याला हौस जास्त त्याने करावं. दुसऱ्याने नेत्रावती एक्स्प्रेसचं तिकीट काढून पुढे यावं, घर उघडावं, वीजबिल भरावं. सातपाटीत तरी त्याला कोणी नावं ठेवणार नाही.