प्रयोग त्याचा, जर्नल तिचं

भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले पुण्याच्या हुजूरपागेत शिकत होत्या, तेव्हा सातवीपर्यंत मुलींना तिथे विज्ञान नव्हतं, गृहविज्ञान होतं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मात्र विज्ञान लागे. ते त्यांनी बाईंच्या मदतीने वेगळं शिकून घेतलं. पुढे पवईच्या आयआयटीतून एम.एस्सी. आणि कणभौतिकीत जगभर नाव.

आता गंमत बघा. मुलींना फिजिक्स आवडावं म्हणून आज सुचवतात काय, तर स्वयंपाकघरातली उदाहरणं द्या! युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये याच्याही पुढे मजल मारली. लिपस्टिक, उंच टाचा असा थाट असलेली विज्ञानाची जाहिरात काढली आणि इतकी टीका ओढवून घेतली की ती मागे घ्यावी लागली.

कुकरशी माझं भांडण नाही. आत दाब वाढतो, पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. दहावीच्या ‘उष्णता’ या धड्याला याहून चांगली जोड कुठली? पण मग तो प्रश्न मुलग्यांनाही घाला. डाळ तेही खातात.

आणि स्वयंपाकघरातच कशाला अडकायचं? अंधेरीहून बोरिवलीला निघालेल्या लोकलच्या लेडीज डब्यात दोऱ्याला किल्ली बांधून धरा. (दुपारच्या गाडीत, सकाळी हात वर काढायलाही जागा नसते.) ब्रेक लागला की किल्ली पुढे झुकते. कंपासपेटीतला कोनमापक लावा. ५ अंश झुकली, तर गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण ०.८५ मीटर प्रतिसेकंदाने उतरतोय. ५ अंशांचा टॅन गुणिले ९.८, बस्स.

अडचण गोडीची नाहीच, असं माझं मत. उपनगरातल्या एका शाळेत ओहमच्या नियमाचा प्रयोग पाहिला. गटात तिघे मुलगे, एक मुलगी. तारा जोडल्या त्यांनी, अ‍ॅमीटरही त्यांच्याच हातात. ती आकडे लिहीत होती. का, तर ‘तिचं अक्षर छान आहे.’ ब्रिटनमध्ये २०११ साली जवळपास निम्म्या सरकारी मिश्र शाळांतून एकही मुलगी बारावीच्या तोडीच्या फिजिक्सकडे वळली नव्हती. फक्त मुलींच्या सरकारी शाळांत फिजिक्सकडे वळणाऱ्या मुलींचं प्रमाण मिश्र शाळांच्या दुपटीहून अधिक होतं. न्यूटन दोन्हीकडे तोच.

विज्ञानाच्या सर-बाईंना एकच विनंती. पुढच्या प्रॅक्टिकलला अ‍ॅमीटर तिच्या हातात द्या आणि जर्नल त्याच्या, अक्षर कसंही असो.