वसंतातील पश्चिमेचे आकाश: ग्रह आणि धूमकेतूंचे छायाचित्रण

वसंतसंपाताच्या सुमारास उत्तर गोलार्धात सूर्य मावळतो तेव्हा क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्य आणि ग्रह ज्या मार्गाने सरकताना दिसतात ती आकाशातील वाट, पश्चिम क्षितिजावर ताठ उभी असते. ४० अंश अक्षांशावर तिचा क्षितिजाशी कोन सुमारे ७३ अंश भरतो, शरदात तोच सुमारे २७ अंशांवर येतो, आणि महाराष्ट्रातून तर वसंतात ती जवळजवळ काटकोनात दिसते. त्यामुळे या वाटेजवळचा ग्रह वा धूमकेतू सूर्यापासून फार दूर नसला, तरी संधिप्रकाश विरेपर्यंत क्षितिजाच्या वर राहतो.

एप्रिल २०२४ मध्ये याचा उत्तम दाखला मिळाला. झां-लुई पाँस यांनी १८१२ मध्ये आणि विल्यम ब्रुक्स यांनी १८८३ मध्ये शोधलेला, सुमारे ७१ वर्षांनी परतणारा पाँस-ब्रुक्स धूमकेतू २१ एप्रिलला सूर्याच्या सर्वांत जवळ आला आणि त्याआधीच्या आठवड्यांत मेष तारकासमूहात गुरूच्या आसपास दिसत होता. दोघांना एकाच चौकटीत आणणे मोहाचे असले, तरी ते सोपे नव्हते, कारण गुरू त्याच्यापेक्षा शेकडो पटींनी तेजस्वी, तर धूमकेतूचा प्रकाश मुळातच मंद आणि वर पसरलेला. शेपटी उमटेल इतका वेळ कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवले, तर गुरूची नुसती पांढरी वाटोळी चकाकी उरते.

शटर उघडे ठेवण्याच्या या काळाला, म्हणजे एक्स्पोजरला, पृथ्वीचे परिवलनही मर्यादा घालते. आकाश दर तासाला १५ अंश सरकते, म्हणून तिपाईवरच्या ५० मिलिमीटरच्या लेन्सने साधारण १० सेकंदांनंतर तारे रेघोट्यांसारखे उमटू लागतात, आणि २०० मिलिमीटरच्या लेन्सला अडीच सेकंदच मिळतात. यावर तोडगा म्हणजे अशी अनेक छोटी छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकावर एक रचणे. मात्र धूमकेतू ताऱ्यांमधून स्वतंत्रपणे सरकत असल्याने रचना त्याच्या गाभ्याला धरून केली, तर तारे फाकतात, आणि ताऱ्यांना धरून केली, तर गाभा पुसट होतो. म्हणून जाणकार दोन्ही रचना वेगळ्या करून नंतर त्यांचा मेळ घालतात. ग्रहांच्या बाबतीत अडचण निराळी आहे: गुरूवरचे पट्टे वातावरणाच्या थरथरीत हरवतात, म्हणून दुर्बिणीतून चलचित्र घेऊन त्यातल्या हजारो चौकटींपैकी क्षणभर स्थिर झालेल्या तेवढ्याच निवडल्या जातात.

अशा चित्रांत धूमकेतूच्या दोन शेपट्या वेगळ्या ओळखू येतात, आणि या छायाचित्रणाचे खरे मोल तिथेच आहे: धुळीची शेपटी पिवळसर व वळणदार, तर विद्युतभारित वायूची निळसर, सरळ आणि सूर्याच्या विरुद्ध दिशेला रोखलेली असते. या दुसऱ्या शेपटीच्या वागणुकीवरूनच लुडविग बिअरमान यांनी १९५१ मध्ये सूर्यापासून कणांचा अखंड प्रवाह वाहत असावा, असे अनुमान काढले, आणि त्या प्रवाहाला पुढे सौरवात हे नाव मिळाले.

त्याच्याही आधी, दक्षिण गोलार्धातील १८८२ च्या वसंतात, केपटाउनला डेव्हिड गिल यांनी त्या वर्षीच्या महाधूमकेतूची छायाचित्रे दुर्बिणीवर कॅमेरा बांधून घेतली, तेव्हा धूमकेतूमागे इतके तारे उमटले, की आकाशाची मोजदाद छायाचित्रांवरून करता येईल अशी त्यांची खात्री पटली. त्यातूनच याकोबुस काप्टाइन यांच्या साह्याने साडेचार लाखांहून अधिक दक्षिणी ताऱ्यांची सूची तयार झाली.