शीतपेयांचा उद्योग : एक नाव, अनेक धनी

वाकडमधील एखाद्या किराणा दुकानासमोर सकाळी टेम्पो येऊन उभा राहतो. टेम्पोवर एका जगप्रसिद्ध पेयाचे नाव असते आणि क्रेट उतरविणाऱ्या तरुणाच्या सदऱ्यावरही तेच. कोठे काम करता, असे विचारल्यास तोही तेच नाव सांगेल. परंतु त्या कंपनीच्या वेतनपत्रकात त्याचे नाव बहुधा आढळणार नाही. तो वितरकाचा नोकर असतो. तेव्हा मोठ्या पेय-कंपनीत नोकरी करणे म्हणजे नेमके कोणाची नोकरी करणे, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे.

या व्यवस्थेचे मूळ जुने आहे. १८९९ साली चॅटनूगा येथील बेंजामिन थॉमस व जोसेफ व्हाइटहेड या दोन वकिलांनी कोकाकोला बाटल्यांत भरण्याचा हक्क एसा कँडलर यांच्याकडून अवघ्या एका डॉलरला मिळविला. तेव्हापासून अर्क एकाचा आणि बाटली दुसऱ्याची, अशी विभागणी रूढ झाली. भारतातून १९७७ साली गेलेली ही कंपनी १९९३ मध्ये परतली, तेव्हा तिने पार्लेकडून थम्स अप, लिम्का आदी पेयांची नावे विकत घेतली. पुढे तिने बाटल्या भरण्याचे अनेक कारखानेही आपल्या अंकित कंपनीकडे घेतले. पुण्याजवळचा पिरंगुटचा कारखाना याच व्यवस्थेतला. २०१९ मध्ये पेप्सिकोने पश्चिम व दक्षिण भारतातील बाटलीभरणीचे काम वरुण बेव्हरेजेसकडे सोपविले, आणि कोकाकोलाच्या भारतातील बाटलीभरणी-उद्योगाचा चाळीस टक्के हिस्सा जुबिलंट भरतिया समूह घेणार असल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. यंत्र तेच, पाळी तीच, धनी मात्र बदलतो.

कारखान्यातील काम बाहेरून वाटते तितके सोपे नाही. पाणी शुद्ध करणे, पाक तयार करणे, थंड द्रवात कर्बद्विप्राणिल वायू मिसळणे, बाटली भरून झाकण बसविणे, ही कामे एका साखळीसारखी चालतात. एक कडी अडली की सारा पट्टा थांबतो. म्हणून यंत्रचालकाची खरी जबाबदारी यंत्र चालविण्यापेक्षा ते थांबू न देण्याची असते. परत आलेल्या काचेच्या बाटल्या प्रकाशित पडद्यासमोरून सरकत असताना त्यांतील कचरा टिपण्याचे काम पूर्वी सर्वस्वी माणसाच्या नजरेवर असे. डोळे थकत, म्हणून थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलावा लागे. ओली जमीन आणि काचेचा अखंड खणखणाट यांची सवय होते, असे म्हणतात. कानांना ती कितपत होते, हे वेगळे.

परंतु या नोकरीवर खरी सत्ता ऋतूची आहे. मार्च ते जून मागणी शिगेस पोहोचते. पावसाळ्यात ती ओसरते. पेय फार आधी भरून ठेवता येत नाही, कारण त्याला विक्रीची मुदत असते. म्हणजे साठा करावयाचा नसेल, तर माणसेच कमीजास्त करणे आले. कायम कामगाराला उन्हाळ्यात जादा पाळ्या पडतात व रजा मिळत नाही. ठेकेदाराच्या कामगाराला मात्र पावसाळ्यात कामच मिळत नाही. वितरकाच्या विक्रेत्याची कमाई विक्रीच्या उद्दिष्टावर अवलंबून असली, की एखादा अवकाळी पाऊसही तिला कात्री लावतो. हवामानाचा धोका असा पायरीपायरीने खाली उतरत, ज्याला तो सोसणे सर्वांत कठीण त्याच्यापाशी येऊन थांबतो.

कायद्याने या प्रश्नात हात घातला, पण बेताने. १९७० च्या ठेका-कामगार कायद्यात बारमाही स्वरूपाच्या कामातील ठेकापद्धती बंद करण्याची तरतूद होती. परंतु अशी बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेने मुख्य उत्पादनकार्यात ठेका-कामगार लावण्यास मनाई केली आहे. त्याच कलमात अपवादही आहे : काम अकस्मात वाढले असता व ते ठरावीक मुदतीत पुरे करावयाचे असता ही मनाई लागू नाही.

आता दरवर्षी ठरल्या वेळी येणारा उन्हाळा अकस्मात म्हणावा काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, नाही. कारखान्याचे मागील काही वर्षांचे मासवार हजेरीपट आणि उत्पादनाचे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर हा मुद्दा शब्दार्थावर अवलंबून राहणार नाही. पदव्युत्तर प्रबंधासाठी याहून जवळचा विषय वाकड-पिरंगुटच्या परिसरात क्वचितच सापडेल.