‘कोम’च्या आधीचं नाव

२०२३ साली कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं निघाली, तेव्हा आमच्या भावकीनेही वंशावळ काढायला घेतली. घोडेगावहून कोतवाल बुकाच्या आणि फेरफारांच्या नकला आल्या, मोडी वाचणारे गाठले आणि काम झालं. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. अख्ख्या कागदावर एक बाई नाही. कुणबी दाखल्याला बापाकडची साखळी लागते, बाईवाचून काही अडत नाही. मी मात्र त्या नकलांत पणजीला शोधत होतो. लहानपणापासून तिच्याविषयी एकच वाक्य ऐकलेलं: म्हातारीने जमीन राखली.

जुन्या कागदात पुरुष ‘बिन’ने ओळखायचा आणि बाई ‘कोम’ने. अमका बिन तमका म्हणजे तमक्याचा मुलगा. अमकी कोम तमका म्हणजे तमक्याची बायको. नवरा जिवंत असो की वारलेला, ‘कोम’ तेच राहतं. त्यामुळे बाई विधवा कधी झाली हे तिच्या नावावरून कळत नाही. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद आधी काढावी लागते.

ती १९१८ च्या हिवाळ्यातली निघाली, इन्फ्लुएंझाच्या साथीतली. कारणाच्या रकान्यात ‘ताप’. त्या पानावर वरपासून खालपर्यंत तापच आहे.

पुढचे तीन फेरफार मी किती वेळा वाचले असतील! पहिला वारसाचा. खातं चार वर्षांच्या मुलाच्या नावे चढलं, त्यापुढे ‘अज्ञान, पालनकर्ती आई’, आणि मग पणजीचं नाव, कोम अमुक. जमीन तिची नव्हे, ती फक्त सांभाळणारी. मुलगा असलेल्या विधवेला तेव्हा अन्नवस्त्रापलीकडे हक्क नव्हता. दुसरा फेरफार गहाणाचा. त्यावर तिचा अंगठा. तिसरा १९३२ चा, दोन ओळींचा. गहाण फिटलं आणि मुलगा सज्ञान झाला, सबब पालनकर्तीचं नाव कमी केलं.

चौदा वर्षं जमीन राखली, कर्ज फेडलं आणि ज्या दिवशी काम पुरं झालं त्या दिवशी नाव कमी. कोणी अन्याय केला म्हणून नव्हे, रीतच तशी होती, आणि मला तीच जास्त लागते. १९३७ च्या कायद्याने विधवेला मुलाइतका हिस्सा दिला, तोही हयातीपुरता. पणजोबा आधीच गेलेले, तिला त्याचा उपयोग नव्हता. पूर्ण मालकी देणारं हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ आलं १९५६ मध्ये, पण तिच्या ताब्यात तोवर स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. ती जमीनही आता नाही, डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेली.

नकलांच्या याच दिवसांत मी नाणेघाटात पुन्हा गेलो. जुन्नरहून घाटमाथ्यावरच्या त्या लेण्यात सगळेच जातात, दरीचा फोटो काढतात. मी भिंतीसमोर बसून राहिलो. डाव्या-उजव्या भिंतींवर दहा-दहा ओळी, ब्राह्मीत, प्राकृतात. यज्ञांची आणि दक्षिणांची ती जंत्री आहे: गाई, घोडे, हत्ती, गावं, हजारांनी कार्षापण. आकडेसुद्धा कोरलेले, आपल्याकडच्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी. हे सारं ज्या सातवाहन राणीशी जोडलं जातं, ती नागनिका. सातकर्णीची राणी, एका महारठीची मुलगी.

लेखातल्या राणीचं वर्णन महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी असं आहे. विधवा हा शब्द त्या उरलेल्या ओळींत नाही. या व्रतांवरूनच अभ्यासकांनी तिचं वैधव्य वाचलं. लेखात कुमार वेदिसिरीचं नाव येतं. त्यावरून पुरालेखतज्ज्ञ ब्यूलरने १८८३ मध्ये मांडलं, की मुलगा लहान असताना कारभार तिच्याकडे होता. पुढे यावर वाद झाले, यज्ञ नेमके कोणाचे हेही सगळ्यांना एकसारखं पटलेलं नाही; मधली अक्षरंच उडाली आहेत. मला ब्यूलरचं म्हणणं पटतं, आणि का पटतं तेही सांगतो: माझ्या खिशात त्या फेरफाराची नकल होती. पालनकर्ती आई.

राणी आणि आंबेगाव तालुक्यातली कुणबीण यांची बरोबरी मी करत नाही. एकीने हजारो गाई दान दिल्या, दुसरीने एक शेत सोडवून घेतलं. पण दोघींचं वैधव्य त्यांच्या नावात सापडत नाही. एकीचं व्रतांच्या वर्णनात सापडतं, दुसरीचं मुलाच्या नावापुढच्या शेऱ्यात.

लेण्याच्या मागच्या भिंतीत आठ पुतळे होते. आता झिजलेल्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी शिल्लक. त्यांत राजाराणीची नावं एकत्र आहेत: आधी देवी नायनिका, म्हणजे नागनिकाच, मग राजा सिरि सातकनि.

घरी येऊन मी वंशावळीचा कागद पुन्हा लिहिला. पणजोबांच्या आधी पणजीचं नाव घातलं, ‘कोम’ वगळून. तुमच्या घरीही गेल्या काही वर्षांत अशा नकला आल्या असतील. मुलांची नावं बघून झाली असतील, तर अज्ञान खातेदारापुढचा शेरा एकदा वाचा.