सुस्काऱ्याला बोल लावू नका

आपल्याकडे सुस्कारा उगाच बदनाम आहे. फराळाची शेवटची करंजी तळून झाली, गॅस बंद झाला आणि गृहिणीने पदराने कपाळ टिपत मोठ्याने 'हुश्श' केले, की कोणीतरी वडीलधारे माणूस हटकतेच, "अगं, तिन्हीसांजेला सुस्कारे कसले टाकतेस?" सुस्कारा म्हणजे दुःखाची, कंटाळ्याची, नाही तर नशिबाला दोष देण्याची खूण, अशी आपली समजूत. शरीरशास्त्राचे मत मात्र निराळे आहे.

सुखी माणूसदेखील सुस्कारे टाकतो, आणि तेही तासाला दहा-बारा! त्याला पत्ता नसतो, इतकेच. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी चिमुकले वायुकोश असतात. नेहमीचा श्वास चालू असताना त्यांतले काही हळूहळू मिटतात. ते पुन्हा फुलवायचे, तर अधूनमधून जवळजवळ दुप्पट हवा आत घ्यावी लागते. हाच सुस्कारा. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून, त्याची आज्ञा देणाऱ्या मूठभर पेशी मेंदूच्या देठाशी हुडकून काढल्या.

हे झाले आपोआप येणाऱ्या सुस्काऱ्याचे. पण श्वास हा मोठा चमत्कारिक नोकर आहे. त्याला धनी दोन! झोपेत तो आपला आपण चालतो आणि मनात आणले तर आपलेही ऐकतो. हृदयाला 'जरा हळू चाल बाबा' असे सांगून काही उपयोग होत नाही. श्वासाकरवी मात्र त्याला निरोप धाडता येतो. आत्ताच मनगटावरची नाडी धरून पाहा. श्वास आत घेताना ती किंचित जलद चालते, सोडताना मंदावते. तरुण माणसांत हा फरक बोटांना सहज कळतो. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ सालीच याची नोंद केली होती. श्वास सोडताना व्हेगस नावाची मज्जा हृदयाला लगाम घालते. उच्छ्वास जितका लांब, तितका लगाम अधिक वेळ.

म्हणूनच घाबरलेल्या माणसाला आपण जे सांगतो, 'खोल श्वास घे', तो निम्माच सल्ला झाला. खरी गंमत सोडण्यात आहे. छाती फुगवून भराभरा श्वास घेतले म्हणजे भरपूर प्राणवायू मिळतो, हाही एक गैरसमजच. निरोगी माणसाचे रक्त फुप्फुसांतून बाहेर पडते, तेव्हाच ते प्राणवायूने शेकडा ९५ ते ९८ भरलेले असते. मग जास्तीचा ठेवायचा कुठे? उलट भराभर श्वासांनी रक्तातला कार्बन डाय-ऑक्साइड घटतो, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात आणि भित्रा माणूस अधिकच भितो. प्राणायामाचे मर्म जादा प्राणवायूत नाही, हे स्वामी कुवलयानंदांनी फार पूर्वी सांगून ठेवले होते. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून, योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याचा ध्यास घेतलेला हा माणूस. पण आपले 'ऑक्सिजन, ऑक्सिजन' काही थांबत नाही!

२०२३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. शंभराहून अधिक माणसांचे गट पाडून त्यांना रोज पाच मिनिटे, महिनाभर, श्वासाचे निरनिराळे प्रकार करायला दिले. एका गटाला ध्यान दिले. चिंता सर्वच गटांत उणावली. मनाची प्रसन्नता मात्र सर्वांत अधिक वाढली ती सुस्काऱ्याच्या गटात. महिनाभराचा आणि थोड्या माणसांवरचा हा प्रयोग. त्याचे देव्हारे माजवू नयेत. पण खर्च शून्य, तेव्हा करून पाहायला काय हरकत आहे?

कृती सोपी आहे. नाकाने सावकाश श्वास घ्यावा. भरला असे वाटले की त्यावरच आणखी एक लहानसा घोट घ्यावा. मग तोंडाने, अगदी रिकामे होईपर्यंत, हळूहळू सोडावा. रडून दमलेले मूल आईच्या खांद्यावर झोपी जाताना नेमके हेच करते. खांदे उचलू नयेत, पोट हलू द्यावे. श्वास कोंडून धरण्याची ईर्ष्या तर मुळीच नको.

आणि ज्यांना 'व्यायाम' म्हटले की अंगावर काटा येतो, त्यांनी मोठ्याने स्तोत्र म्हणावे. इटलीतील संशोधकांनी २००१ साली पाहिले, की लॅटिनमधली जपमाळ ओढताना किंवा 'ओम् मणि पद्मे हुम्' म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर येतो. एरवी तो बारा ते वीस असतो. त्या प्रयोगात आपली रामरक्षा नव्हती. पण एका दमात एक चरण म्हणणाऱ्या आजीबाईंचा उच्छ्वासही लांबतोच की!

मात्र छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर सुस्कारे मोजत न बसता डॉक्टर गाठावा. घरातले माणूस गेल्यानंतर महिनोन् महिने झोप नाही, जेवण नाही, अशी कोणाची स्थिती असेल, तर तिथेही एवढ्यावर भागत नाही. जाणत्याची मदत घ्यावीच. काही जणांना तर श्वासाकडे लक्ष दिले की जास्तच गुदमरल्यासारखे होते. त्यांनी हा नाद सोडून चार पावले फिरून यावे.

मुलांना मात्र यातले काही समजावत बसू नये. परीक्षेच्या सकाळी चिरंजीवांचे हातपाय गार पडले, तर गरम दूध बशीत ओतून पुढे ठेवावे आणि म्हणावे, "फुंकर घाल रे, हळू, सांडू नकोस."