शंभर सीसीची गाडी आणि शंभर किलोचा माणूस

कापडाच्या धंद्यात माणूस पन्नाशीच्या पुढे गेला की दोन गोष्टी वाढतात, उधारी आणि वजन. उधारीवर पुष्कळ लिहून झाले आहे. वजनावर मात्र कोणी लिहीत नाही. तेव्हा व्यापारी बंधूंनी आजचा हा मजकूर थोडा वेळ काढून वाचावा, विशेषतः जे मोटारसायकलवर माल बांधून आठवडे बाजार करतात त्यांनी.

विषय निघाला तो असा. मालेगावच्या बाजारात आमचे एक स्नेही आहेत. सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणतात. वय चोपन्न, वजन एकशे दोन किलो. लुंगी, साडी, टॉवेल यांची गठडी मागे बांधून ते पंचवीस-सव्वीस वर्षे सटाणा, देवळा, कळवण, नांदगाव या बाजूचे बाजार करीत आले आहेत. त्यांचे दुकान नाही. गाडी हेच दुकान. ती बंद पडली की चूल बंद, असा साधा हिशेब.

त्यांच्या पुतण्याला मातीच्या ट्रॅकवर गाडी उडवण्याचा शौक. त्याने पुण्याहून १२५ सीसीची जुनी मोटोक्रॉस गाडी आणली होती, ती आता विकायला काढली. हाजीसाहेबांनी ती उंच गाडी पाहिली आणि मनात बेत केला. म्हणाले, "कळवणच्या पुढचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. ही गाडी खड्डा ओळखतच नाही. शिवाय इंजिन लहान, पेट्रोल कमी खाईल. बाहेर कोणाला विकण्यापेक्षा मीच का घेऊ नये?"

आग्रा रोडवर एक मिस्त्री आहेत, त्यांना आम्ही उस्ताद म्हणतो. त्यांनी हा बेत ऐकला आणि पान्याचे काम थांबवून हसले. "हाजीसाहेब, तुम्ही घोड्याच्या बाजारात शर्यतीचा घोडा पाहिला आणि टांग्याला जुंपायचे ठरवले."

पहिली अडचण कायद्याची. मोटोक्रॉसची शर्यतीची गाडी बंद ट्रॅकसाठी बनवलेली असते. तिला हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, हॉर्न नाही. तिची नोंदणी होत नाही, नंबर मिळत नाही. रस्त्यावर आणली की ती बेकायदा. अपघात झाला तर विम्याचा एक पैसा मिळायचा नाही. एवढ्यावरच खरे तर विषय संपतो. पण हाजीसाहेब हट्टी, आणि मलाही उत्सुकता, म्हणून उस्तादांना पुढे बोलते केले. ते बोलले त्यातच आपल्या रोजच्या गाडीसाठी कामाच्या गोष्टी निघाल्या.

इंजिन लहान म्हणजे गाडी गरीब, हा आपला समज रस्त्याच्या गाड्यांवरून झालेला आहे. आपली शंभर सीसीची गाडी साधारण आठ अश्वशक्ती देते. १२५ सीसीची टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी पस्तीसच्या वर देते, आणि तिचे स्वतःचे वजन पंचाण्णव किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या गाडीपेक्षाही कमी. पण ही ताकद सगळी वरच्या फेऱ्यांत असते. इंजिन किंचाळत ठेवले तरच ती पळते. खाली फेऱ्या पडल्या की दम जातो, आणि पाठीवरचा माणूस जड असेल तर लवकर जातो. म्हणून अशा स्वाराला सारखा क्लच दाबून, गिअर बदलून इंजिन जागे ठेवावे लागते. पंचविशीतल्या पोराला त्यात मजा वाटते. चोपन्न वर्षांच्या मनगटाला नाही. पेट्रोल तर ती भरपूर पिते, वर तेल मिसळून द्यावे लागते ते वेगळे. आणि पिस्टनचे आयुष्य किलोमीटरवर नव्हे, चालवलेल्या तासांवर मोजतात.

मग मोठ्या वयाची, भारदस्त माणसे मोटोक्रॉस करीतच नाहीत काय? करतात. अमेरिकेत तर तिशी, चाळिशी, पन्नाशी, साठी असे वयाचे गट आहेत, आणि कॅलिफोर्नियात ग्लेन हेलन येथे दर वर्षी प्रौढांची जागतिक म्हणवली जाणारी शर्यत भरते. तिथले जाणते जड स्वार बहुधा अडीचशेची टू-स्ट्रोक किंवा साडेतीनशे-साडेचारशेची फोर-स्ट्रोक घेतात, कारण तिला खालच्या फेऱ्यांतही ओढ असते. पण सव्वाशेची गाडी घेणारेही आहेत, आणि ते काही वेडे नाहीत. हलकी गाडी अंग कमी शिणवते. पडली तर उचलता येते. पंच्याऐंशी सीसीची मात्र मुलांची. अकरा ते पंधरा वर्षांच्या पोरांसाठी तिची मांडणी असते. तिच्यावर शंभर किलोचा माणूस म्हणजे लहान मुलाच्या सदऱ्यात बापाला कोंबणे.

या लोकांचे सगळे ध्यान एका वस्तूवर असते, ती म्हणजे स्प्रिंग. नवी सव्वाशेची गाडी कारखान्यातून येते तेव्हा तिच्या स्प्रिंगा साधारण सत्तर किलोच्या स्वाराच्या हिशेबाने असतात. इंजिन माणूस निवडून घेतो, स्प्रिंग मात्र आली तशी वापरतो, आणि तिथेच फसतो.

उस्तादांनी हे तोंडी सांगितले नाही, माझ्याच खिशातला कापडाचा टेप मागून दाखवले. गाडी स्टँडवर, मागचे चाक अधांतरी. चाकाच्या आसापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत माप घेतले. मग गाडी खाली घेतली, हाजीसाहेबांना वर बसवले, पुतण्याने पुढून हँडल धरले, आणि तेच माप पुन्हा घेतले. मोटोक्रॉसच्या मागच्या चाकाची हालचाल एकूण बारा इंच. स्वार बसल्यावर त्यातले चार इंच दबावे, असा दंडक आहे. हाजीसाहेब बसले आणि सहा इंच दबले. निम्मी स्प्रिंग उभ्या जागी संपली.

पुतण्या म्हणाला, "त्यात काय, कडी फिरवून घट्ट करू." त्याने केलीही. माप पावणेपाचावर आले. मग उस्तादांनी हाजीसाहेबांना उतरवले आणि रिकामी गाडी मोजायला सांगितली. रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने इंच-दीड इंच दबायला हवी होती. ती मुळीच दबली नाही. उस्ताद म्हणाले, "कडी फिरवल्याने स्प्रिंग बळकट होत नाही, फक्त आधीच आवळली जाते. रिकामी गाडी ताठ उभी राहिली की समजावे, स्प्रिंग या माणसासाठी नरम आहे. बदलल्याशिवाय इलाज नाही."

आणखी एक धोका त्यांनी दाखवला. त्या गाडीची सीट जमिनीपासून साडेअडतीस इंच. हाजीसाहेबांच्या पायजम्याची आतली शिवण एकोणतीस. पण जड माणूस बसला की सीट खाली येते, पाय थोडे जवळ येतात, आणि दुकानात वाटते की गाडी आपल्याला बसली. खरे तर तेव्हा मागचे बूड खाली गेलेले असते, पुढचे चाक हलके झालेले असते, आणि वळणावर ते ऐकत नाही. वर मोटोक्रॉसमध्ये बराच वेळ फूटरेस्टवर उभे राहून चालवायचे असते. गुडघा हा तिथला दुसरा शॉकअप. ज्यांना दुकानाच्या पायऱ्या चढताना गुडघा आठवतो त्यांनी पुढचे समजून घ्यावे.

हे सर्व ऐकताना मला माझी २०१७ सालची गोष्ट आठवत होती. तेव्हा माझे वजन शहाण्णव किलो. शंभर सीसीची नवी गाडी, मागे साड्यांची गठडी. राहुड घाट उतरताना पुढचा ट्रक थांबला. मी दोन्ही ब्रेक दाबले, गाडी थांबेना. त्यात खड्डा आला, मागचे शॉकअप तळाला आपटले आणि हँडल हातात डुलू लागले. मी पडलो. मनगट मोडले, आणि ईदच्या तोंडावरचे दोन महिने, म्हणजे कापडवाल्याचे निम्मे वर्ष, प्लॅस्टरमध्ये गेले. गाडी विकताना विक्रेत्याने "तीन माणसे आरामात जातात" असे सांगितले होते. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका मी तोपर्यंत उघडलीच नव्हती. घरी बसल्यावर उघडली. त्यात लिहिले होते की गाडीने वाहायचे एकूण वजन एकशे तीस किलो, चालवणारा धरून.

आता हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. माझे शहाण्णव वजा केले की उरले चौतीस. साडी अर्ध्या किलोची धरली तरी सत्तर साड्यांचे पस्तीस किलो होतात. म्हणजे मी एकटा आणि माझी लहानशी गठडी एवढ्यातच गाडी भरली. हाजीसाहेबांना तर अठ्ठावीस किलोच उरतात, आणि त्यांची गठडी पन्नासच्या खाली कधी नसते. पुन्हा ब्रेकचे पाहा. एकशे बारा किलोची गाडी आणि साठ किलोचा तरुण मिळून एकशे बहात्तर. तीच गाडी, मी आणि पस्तीस किलो माल मिळून दोनशे त्रेचाळीस. त्याच वेगात थांबवायला ब्रेकवर चाळीस टक्के जास्त काम. ब्रेक मात्र तोच.

म्हणून शंभर सीसी वाईट असे कोणी समजू नये. याच गाड्यांनी १९८५ नंतर आपल्या फेरीवाल्यांना हात दिला. सपाट रस्ता, बेताचा वेग आणि मर्यादेतला माल असेल तर जड माणसालाही ती चालते. त्यासाठी उस्तादांनी सांगितलेल्या गोष्टी अशा. टायरच्या हवेचे पुस्तिकेत दोन आकडे असतात, एकट्यासाठी आणि दोघांसाठी. नव्वद किलोच्या माणसाने माल घेताना दुसरा आकडाच आपला समजावा. मागच्या शॉकअपच्या बुडाशी पायऱ्यांची कडी असते, ती पुढच्या पायरीवर घ्यावी, पण वर सांगितलेली तिची मर्यादा लक्षात ठेवून. शॉकअप ओले दिसले, तेल गळते आहे, तर ते मेले. घाटाचा रस्ता असेल तर मागचे चेनचक्कर एक-दोन दाते मोठे बसवावे. चढण सोपी होते, वरचा वेग थोडा जातो, आणि तो जाणे आपल्या वयाला बरेच.

माल बांधण्यात तर आपण सगळेच गुन्हेगार. गठडी कॅरिअरवर, आसाच्या मागे लटकलेली. तिथला एक किलो पुढचे चाक उचलायला टपलेला असतो. माल दोन बाजूंच्या थैल्यांत, खाली आणि शक्य तितका पुढे असावा. टीव्हीएस एक्सएल १०० सारख्या मोपेडला खेड्यापाड्यांतले विक्रेते इतके का धरून आहेत, ते इथे कळते. तिची ताकद शंभर सीसीच्या मोटारसायकलपेक्षा कमी, पण गठडी स्वाराच्या पुढे, दोन चाकांच्या मधोमध बसते. पंधरा-वीस किलोमीटरच्या बाजारासाठी ती मोटारसायकलपेक्षा शहाणी गाडी आहे. तिच्यावर बसल्याने इज्जत जाते असे वाटणाऱ्यांनी माझे मनगट पाहायला यावे.

ज्यांचा रस्ता खरोखर खराब आहे त्यांच्यासाठी मातीच्या धाटणीच्या, पण नंबर मिळणाऱ्या गाड्याही आपल्याकडे निघाल्या. हिरोने २०११ साली दीडशे सीसीची इम्पल्स काढली, ती पुढे बंद झाली. मग २०१९ मध्ये दोनशेची एक्सपल्स आली. तिची सीट सव्वाबत्तीस इंचांच्या वर, शंभर सीसीच्या गाडीची साधारण एकतीस. गाडी रिकामी असेल तर हा इंच-सव्वा इंच काही नाही. मागे गठडी असताना पाय पलीकडे टाकून बसायचे असेल तर तोच फार आहे. ब्रेकच्या बाबतीत एक गोष्ट जड माणसाच्या बाजूने झाली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. जुनी गाडी घेताना ती या तारखेच्या आधीची की नंतरची, हे जरूर पाहावे.

हाजीसाहेबांनी पुतण्याची गाडी घेतली नाही. ती नाशिकच्या एका पोराने नेली. त्यांनी दोनशेचीही पाहिली, पाय टेकेना म्हणून सोडली. शेवटी जुनी शंभर सीसी देऊन १२५ सीसीची साधी गाडी घेतली, उस्तादांकडून टेप लावून माप घेतले आणि शॉकअप जड माणसाचे बसवून घेतले. गठडीचे दोन भाग केले. वीस किलो गाडीवर, बाकीचा माल आदल्या दिवशी ओळखीच्या टेम्पोने जातो. टेम्पोवाला फेरीचे पैसे घेतो आणि ते त्यांना झोंबते. परवा भेटले तेव्हा पहिली तक्रार त्याचीच होती. दुसरी अशी की उस्तादांनी माझा टेप परत दिलेला नाही, आणि त्याचे पैसे मी त्यांच्याकडे मागतो आहे.